गवताचे दिवस

9 जुलै 2023, रविवार. पेण

बाजारात आज शेवळं दिसली. पाऊस यंदा लांबला, 25 जूनला कुठे मुंबईत शिरला, म्हणून तीही मागे राहिली. डोंगरातल्या ठाकरांच्या बायका पहाटेच उतरतात आणि रस्त्याच्या कडेला गोणपाट पसरून बसतात. टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या, आणि शेवळांच्या जुड्यांशेजारी काकडांचे छोटे वाटे. "काकडं पण न्या मास्तर, नायतर घसा धरंल." फोडशी कुठली म्हणून विचारलं, तर एक आजी डोंगराकडे हात करून म्हणाली, "माळावरची. रानाच्या सावलीत नाय येत ती. तिला उघडं लागतं."

आमच्या जिल्ह्याचं वर्णन करताना लोक समुद्र सांगतात, किल्ले सांगतात, भातखाचरं आणि मिठागरं सांगतात. डोंगरांच्या खांद्यांवरचं गवत कुणी सांगत नाही. यंदा फणसाडच्या माळांवर सगळ्या ऋतूंत जायचं ठरवलं आहे. हे अभयारण्य मुरूड आणि रोहा अशा दोन तालुक्यांत पसरलेलं, सुमारे 52 चौरस किलोमीटरचं. 1986 मध्ये ते जाहीर झालं. त्याआधी हे रान जंजिरा संस्थानच्या नवाबांचं शिकारीचं राखीव होतं. जंगल, गवताळ माळ आणि पाणथळ जागा, तिन्ही इथे एकमेकांना लागून आहेत. पाहायला जाणारे बहुतेक जण जंगल पाहून येतात. मला माळ पाहायचे आहेत.

24 जुलै 2023, सोमवार. पेण

इरसालवाडीचं शोधकार्य काल थांबवलं. 19 तारखेच्या रात्री डोंगर खाली आला. 27 जणांचे मृतदेह हाती लागले, 57 जणांचा पत्ता नाही. सगळी ठाकरांची वस्ती. बाजारातल्या बायका आज कमी होत्या आणि ज्या होत्या त्या बोलत नव्हत्या. डोंगरात जाण्याचा विचार या महिन्यात मनात आणवत नाही.

3 सप्टेंबर 2023, रविवार. रोहा

सकाळच्या दिवा-रोहा गाडीने निघालो. कासू, नागोठणे, निडी, रोहा. पुढे धाकट्या भावाच्या गाडीने कुंडलिकेच्या खाडीच्या बाजूने चणेरा, साळाव, मग मुरूडचा रस्ता आणि आत सुपेगाव. अभयारण्याचं प्रवेशद्वार तिथे आहे. गावातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर आला.

ऑगस्ट यंदा कोरडा गेला. हवामान खात्याच्या 1901 पासूनच्या नोंदीत देशभर इतका कोरडा ऑगस्ट नाही. त्याची खूण माळावर लगेच दिसते. गवत गुडघ्याच्या वर यायला हवं होतं, ते घोट्यापाशी थांबलं आहे. मात्र कातळावरच्या फुलांना उशीर खपत नाही. जिथे खडकावर बोटभर मातीसुद्धा नाही आणि पाणी नुसतं झिरपत असतं, तिथे सीतेची आसवे जांभळी होऊन पसरली होती. त्यांच्यात गेंदांची पांढरी बटणं आणि दवबिंदूची लालसर, चिकट पानं. सीतेची आसवे आणि दवबिंदू दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती. अशा मातीत नत्र नसतं, म्हणून त्या ते किड्यांकडून घेतात. सीतेच्या आसवांच्या मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांत ओढला जातो. दवबिंदूच्या पानांवरचा थेंब पाण्याचा नसतो, डिंकाचा असतो. वाटाड्याला हे माहीत होतं. मला हात धरून गुडघ्यावर बसवून त्याने पानावर अडकलेलं चिलट दाखवलं.

त्या कातळापलीकडे, जिथे माती वीतभर होते, तिथून गवत सुरू होतं. त्याच्यामागे करवंदीच्या जाळ्या, मग ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी. खडकापासून रानापर्यंतचा हा उतार पायी पाच मिनिटांचा.

21 सप्टेंबर 2023, गुरुवार. पेण

आज गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याची गौर. मुळांसकट तेरडा उपटून आणायचा, त्याबरोबर कळलावीची फुलं. घराघरांत गणपती पेणच्या कारखान्यांतले, आणि गौर डोंगरावरची. बायको म्हणाली, जवळच्या टेकडीवर यंदा तेरडा मिळाला नाही, लांब जावं लागलं. त्या टेकडीवर आता ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आहे. तिच्या पानांचा थर खाली साचून राहतो आणि त्यातून तेरडा डोकं काढत नाही.

29 ऑक्टोबर 2023, रविवार. सुपेगाव

माळ आज पाहावा. गवत फुलोऱ्याला येऊन रंग बदलू लागलं आहे. हिरवा जातोय, तांबूस येतोय, मधे कुठे कुठे जांभळी झाक. वारा आला की पूर्ण उतार एका दिशेने झुकतो. कपड्यांना कुसळं लागली, पायमोज्यांतून आत गेली आणि घरी जाऊनही निघणार नाहीत.

कुसळीचं बी मी आज नीट पाहिलं. टोकाला सुईसारखं, मागे लांब शेपटी आणि शेपटीला पीळ. ओल लागली की पीळ सुटतो, सुकली की परत बसतो. त्या फिरण्याने बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. वरून आग गेली तरी जमिनीत शिरलेलं बी वाचतं. आगीबरोबर राहायला शिकलेलं गवत आहे हे.

इथे एक प्रश्न मला कायम पडत आला. सोलापूर-नगरकडचा माळ समजतो. तिथे पाऊसच पाचसहाशे मिलिमीटर, तिथे गवतच येणार. माळढोकाचं अभयारण्य त्याच भागात आहे. पण आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पाण्यावर तर घनदाट रान व्हावं. मग माळ कसा टिकला?

याला दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. एक म्हणजे जमीन. खाली कातळ, वर मातीचा पातळ थर. जुलैत त्यावर पाणी उभं राहतं आणि जानेवारीत ओलीचा मागमूस उरत नाही. मोठ्या झाडाच्या रोपाला पावसाळ्यात मुळं कुजण्याची भीती, उन्हाळ्यात सुकण्याची. गवत चार महिन्यांत आपलं आयुष्य उरकतं आणि मुळांच्या जोरावर पुन्हा जूनची वाट पाहतं. दुसरं कारण माणसाचं. विळा, गुरं आणि आग. शेकडो वर्षं डोंगरावरचं गवत कापलं गेलं, चारलं गेलं, जाळलं गेलं. नाचणी-वरीच्या वरकस जमिनी अशाच उतारांवर होत्या. म्हणजे इथले काही माळ निसर्गाचे आहेत, काही माणसाने राखलेले, आणि बऱ्याच ठिकाणी दोघांचे मिळून.

अभयारण्य झालं की आपण माणसाचा हात काढून घेतो. जंगलाला ते मानवतं. माळाला मानवेलच असं नाही. आज दोन ठिकाणी रानमोडी माळाच्या आत आलेली पाहिली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात इथली मोठी झाडं पडली, रानात उजेड पडला आणि त्या मोकळ्या जागा रानमोडीने धरल्या. आता ती गवताकडे सरकते आहे. कुठलं जनावर तिला तोंड लावत नाही.

3 डिसेंबर 2023, रविवार. अवचितगड, रोहा

फणसाडला न जाता आज अवचितगड चढलो. पिंगळसईकडून वाट आहे. गडावर बारा कोनांचा तलाव, मोडलेली तटबंदी आणि कमरेएवढं पिवळं गवत. खाली रोह्याचं खोरं, कुंडलिका, औद्योगिक वसाहतीची धुरांडी.

उतरताना एका वाडीशी गवत कापणी चालू होती. आमच्या लहानपणी हा महिना गवताचा असे. डोंगरावरून भारे उतरायचे, गाठी बांधून ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे. गावात उडव्या उभ्या राहायच्या. आता एकच कुटुंब कापताना दिसलं. घरची म्हातारी म्हणाली, "गुरां राहिली नाय घरात, कापून कोनाला घालू? पोरा कंपनीत जातात." तिच्या अंगणात दोन म्हशी होत्या. पूर्वी दावणीला चौदा असायच्या म्हणाली.

न कापलेलं गवत जिथल्या तिथे वाळतं. फेब्रुवारीपर्यंत ते पेटायला तयार होतं. गुरं कमी झाली म्हणून माळ सुखी झाला, असं जे म्हणतात त्यांनी मार्च महिन्यात इथे यावं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यानात चराईला मनाई आहे. अभयारण्यात मात्र ती नियंत्रित ठेवून चालू देण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याला दिला आहे. हा फरक करणाऱ्यांनी विचार करूनच केला असणार. गवताळ भागात ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक आठवड्यांत विळा लावू द्यावा आणि कापलेला चारा आजूबाजूच्या वाड्यांना द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. माळ सलग कापू नये. आलटून पालटून पट्टे ठेवावे, म्हणजे लपणाऱ्याला आडोसा राहतो आणि आगीला अडसर मिळतो.

15 जानेवारी 2024, सोमवार. संक्रांत

सुट्टीमुळे काशिदच्या किनाऱ्यावर तोबा गर्दी, आणि तिथून काही किलोमीटरवरच्या माळावर आम्ही तिघेच. उन्हं कलताना भोवत्या आला. जमिनीपासून दोन हात उंचीवरून, पंख वर धरून, हळूहळू झुलत पूर्ण माळ विंचरल्यासारखा फिरला. मधेच थांबून खाली पडला आणि रिकाम्या पायांनी वर आला. हा पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून येतो, कझाकस्तानकडून. तिथेही तो गवतात घरटं करतो आणि इथेही गवतातच, जमिनीवर, रात्रीचा मुक्काम करतो. हजारो किलोमीटरच्या प्रवासात झाडावर बसण्याची त्याला हौस नाही. दोन्ही टोकांना गवत असेल तरच त्याचा प्रवास पुरा होतो.

कुंपणाच्या खांबावर गप्पीदास, वीजवाहिनीवर नीलपंख, गवताच्या मुळाशी तिरचिमण्या. अंधार पडताच रातव्याचा आवाज सुरू झाला. भेकर एकदाच खाकरल्यासारखं ओरडलं. वाटाड्या म्हणाला, बिबट्या माळ ओलांडतोय. आम्ही गाडीत बसून थांबलो. काही दिसलं नाही.

11 फेब्रुवारी 2024, रविवार

गिधाडांसाठी आजचा दिवस. पांढऱ्या पाठीची गिधाडं फणसाडच्या आभाळात अजून दिसतात, ही या भागाची मोठी श्रीमंती आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावातही गावकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून त्यांची घरटी राखली आहेत. 1990 च्या दशकापासून देशभरातून ही जात इतक्या वेगाने गेली की शंभरातलं एकही धड उरलं नाही. कारण निघालं डायक्लोफिनॅक. गुराला दिलेलं हे वेदनाशामक ते मेल्यावर त्याच्या मांसात राहतं आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. त्याच प्रकारचं नुकसान करणाऱ्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी यायला 2023 उजाडलं.

औषध थांबलं तरी अन्नाचा प्रश्न राहतो. गावात म्हातारं जनावर मरण्याआधीच विकलं जातं. म्हणून वनखात्याने फणसाडमध्ये मेलेली जनावरं गिधाडांसाठी टाकण्याची सोय केली. अशी जागा उघड्यावरच असावी लागते. दाट रानात पडलेलं जनावर गिधाडाला आभाळातून दिसत नाही आणि जड अंगाने त्याला तिथून उडताही येत नाही. त्याला धावायला मोकळी जमीन हवी. माळ गेला तर गिधाडाचं ताटच गेलं.

चार गिधाडं आज वर घिरट्या घालत होती. त्यांच्यातलं एक सावकाश खाली येऊन समुद्राच्या दिशेला गेलं. सावली गवतावरून सरकली तेव्हा भावाने हात जोडले.

10 मार्च 2024, रविवार. रोहा

काल रात्री रोह्याच्या घरातून डोंगराला लागलेला वणवा दिसत होता. अभयारण्याबाहेरचा डोंगर, पण आगीला हद्द कळत नाही. तांबडी रेघ वाकडीतिकडी वर चढत गेली.

सकाळी जाऊन आलो. काळी राख, अर्धे भाजलेले शंख, एक सरडा. टिटव्या वर ओरडत होत्या. वणवे लावणाऱ्यांची कारणं प्रत्येकाला ठाऊक आहेत. जाळलं की पुढचं गवत जोमाने येतं ही जुनी समजूत, डुकराला बाहेर काढायचं म्हणून, काजूच्या बागेची साफसफाई करताना, विडी टाकून, आणि काही वेळा निव्वळ हौस. गवत जोमाने येतं हे अर्धं खरं आहे. राखेने पहिला कोंभ हिरवागार येतो. पण दर वर्षी आग लागली की चवदार, मऊ जाती मागे पडतात, आगीला निर्ढावलेली कुसळी तेवढी वाढते आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. ज्या गुरांसाठी जाळलं, त्यांच्या तोंडाला शेवटी कुसळं उरतात.

आणि हा महिना घरट्यांचा आहे. मलबारी चंडोल, डोक्यावर तुरा असलेला, मातकट रंगाचा, साळुंकीहून लहान पक्षी. तो फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी वाटीएवढं घरटं करतो. तिरचिमणीचंही तसंच. लावे आणि दुर्लावही जमिनीवरच अंडी घालतात. झाडावरच्या पक्ष्याचं घरटं वणव्यातून कधी कधी वाचतं, यांचं वाचत नाही. माळाच्या पक्ष्यांची अख्खी पिढी एका रात्रीत जाते आणि त्याची नोंद पंचनाम्यात होत नाही, कारण पंचनाम्यात झाडं मोजतात.

वनमजूर हातात झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होते. त्यांतल्या एकाच्या भुवया करपल्या होत्या. "जाळरेषा वेळेवर काढली असती तर इथवर आली नसती," तो म्हणाला. जाळरेषा म्हणजे आग अडवायला डिसेंबर-जानेवारीत गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा. त्याला माणसं लागतात.

28 एप्रिल 2024, रविवार. सुपेगाव

आज पर्यटक बरेच होते. तंबूंत राहण्याची सोय आहे, गावातले तरुण वाटाडे आहेत, शेकरू हमखास दिसेल असं सगळ्यांना सांगितलं जातं आणि बहुधा ते दिसतंही. गारंबीची प्रचंड वेल पाहून मुलं थक्क होतात. हे चांगलंच आहे. गावात चार पैसे येतात म्हणून गाव रानाच्या बाजूने उभं राहतं.

कोलाडला कुंडलिकेवर तराफ्याच्या खेळासाठी यापेक्षा कितीतरी लोक येतात. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं तेव्हाच तिथे खेळ रंगतो, दोन-तीन तास ओरडाआरडा, मग जेवण. त्या आनंदाला माझी हरकत नाही. माळाचा आनंद वेगळ्या जातीचा आहे आणि तो शिकवावा लागतो. आज एका कुटुंबातला लहान मुलगा म्हणाला, "इथे काहीच नाहीये." वाटाड्याने त्याला वाळक्या गवतात दहा मिनिटं गप्प बसवलं. नाकतोडा, मुंग्यांची रांग, कुसळं घेऊन चाललेला किडा, आणि शेवटी दगडासारखा दगडावर बसलेला रातवा. पोरगं उठायला तयार होईना. असे वाटाडे हवेत. त्यांना गवताच्या दहा जाती, जमिनीवरची दहा घरटी ओळखण्याचं शिक्षण वनखात्याने द्यावं.

मोठ्याने गाणी लावणं, माळावर गाडी घालणं, चूल पेटवणं हे मात्र कडकपणे बंद व्हायला हवं. एप्रिलमधला माळ ठिणगीची वाट पाहत असतो.

24 मे 2024, शुक्रवार

काल बुद्धपौर्णिमा. पाणवठ्यांवरची प्राणीगणना. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. मे महिन्यात तेवढंच पाणी शिल्लक असतं म्हणून सगळ्यांना तिथे यावं लागतं. मी मचाणावर बसलो नाही, वय झालं. पुतणी बसली होती. तिने रात्रभर जे पाहिलं ते सकाळी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

साडेसातला रानकोंबड्या. आठच्या सुमाराला डुकरं पिलांसह, चिखलात लोळून गेली. दहानंतर भेकर. बारा वाजून गेल्यावर सांबर मादी आणि तिचं पाडस. मादी रानाच्या कडेला पाऊण तास उभी होती. पाण्याकडे येण्याआधी ती माळाच्या बाजूला फिरली आणि जाळरेषेच्या कापलेल्या पट्ट्यात फुटलेले हिरवे कोंब खाऊन मग पाण्याला आली. पहाटे साळिंदर. बिबट्या दिसला नाही, पण पहाटे चिखलात त्याचा ठसा होता.

सांबर रात्री उघड्यावर चरतं आणि दिवसा सावलीत बसतं. रान हे त्याचं घर आणि माळ त्याचं स्वयंपाकघर. बिबट्या त्या दोन्हींच्या सीमेवर थांबतो. सीमा बुजली की सगळ्यांचंच नुकसान.

5 जून 2024, बुधवार. पेण

आज पर्यावरण दिन. पाऊस दोन-चार दिवसांवर आला आहे आणि रोपांनी भरलेले टेम्पो ठिकठिकाणी उभे आहेत. एका संस्थेच्या मंडळींनी घरी येऊन विचारलं, पाचशे झाडं लावायची आहेत, एखादी मोकळी टेकडी सुचवा. मनापासून काम करणारी तरुण मुलं. त्यांना ही वही वाचून दाखवली.

जे त्यांना सांगितलं तेच पेण, रोहा, मुरूड, अलिबागच्या सगळ्यांना सांगतो. यंदा झाडं लावण्यासाठी गवताळ माळ निवडू नका. तो मोकळा नाही. तिथे चंडोल राहतो, सांबर चरतं, गौर उगवते, भोवत्या उतरतो. झाडं लावायची तर ओढ्याच्या काठांनी, शाळेच्या आवारात, रस्त्यांच्या कडेला, दगडखाणींनी फोडलेल्या जागी लावा, आणि ऐन, किंजळ, जांभूळ, करंज अशी इथलीच लावा. आणि ज्यांना माळासाठी काही करायचं आहे त्यांनी डिसेंबरमध्ये विळा-कोयता घेऊन जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जावं आणि जाळरेषेच्या कामाला नाव द्यावं. तिथे माणसं कमी पडतात.